तिसरा छर्रा

ती खंडेनवमी मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी पुण्यात कोतवालाच्या चावडीवर जमादार होतो. महिनाभर सदाशिव पेठेत भरदिवसा घरफोड्या होत होत्या, चोर सापडत नव्हते आणि कोतवाल रोज मला फैलावर घेत होते. शेवटी मी घरोघर फिरून सांगितले की हत्यार भरून ठेवा, मागच्या भिंतीवर माणूस दिसला तर विचारत बसू नका, झाडा. हे सांगताना माझी अक्कल मला फार मोठी वाटली होती.

नवमीच्या दुपारी एका वृद्ध शिलेदाराच्या परसात बार झाला. मी पोचलो तेव्हा भिंतीवर रक्त होते आणि म्हातारा छाती काढून उभा होता. चोर आला, मी बंदुकीने एक गोळी घातली, तो पळाला, असा जबाब त्याने दिला. शेजारीपाजारी वाहवा करत होते. घरात बंदूक असावी ती याचसाठी, असे एकजण म्हणाला. मी जबाब लिहून घेतला आणि, खरे सांगतो, खूश होऊन परतलो.

दिवेलागणीला एक जर्राह चावडीवर आला. लष्करात जखमा शिवून हात बसलेला हा मुसलमान गृहस्थ, उगाच बोलणारा नव्हे. शिलेदाराच्या शेजारी राहणाऱ्या शास्त्रीबुवांच्या खांद्याला जखम आहे, खुंटीवर पडलो म्हणतात, पण मी आतून दोन छर्रे काढले, असे त्याने सांगितले.

"जमादार, त्यांचं अंग तापलंय. आत आणखी छर्रा आहे की नाही, ते मला कळायला हवं. नसताना खणलं तर रक्त जाऊन मरतील, असून ठेवला तर सडून मरतील."

शिलेदार तर एकच गोळी म्हणाला होता.

शास्त्रीबुवांकडे गेलो तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. पुष्कळ विनवल्यावर कबूल केले की पूजेला झेंडू कमी पडला, म्हणून शेजारच्या भिंतीवर चढून ते फुले तोडत होते. आमच्या पेठेत शेजाऱ्याची फुले तोडणे ही चोरी नसते, पण तोडताना सापडणे ही बेअब्रू असते. मेलो तरी चालेल, पण कुठे बोलू नका, एवढेच ते म्हणत राहिले. बार कोणी काढला ते त्यांनी पाहिले नव्हते.

तसाच शिलेदाराकडे शिरलो. देवापुढे पाटावर बंदूक मांडलेली होती. बत्ती देण्याच्या भोकात सकाळचे हळदकुंकू वाळून घट्ट बसले होते. शिवाय नवमीला पूजेला मांडलेले शस्त्र दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत, आणि या माणसाने तर जीव गेला तरी उचलले नसते. पहिल्या खेपेलाच मी ती पाहायला हवी होती.

"ही बंदूक आज उडालेली नाही. कोणी झाडलं?"

"मीच," शिलेदार म्हणाला.

मी दटावले, चावडीचा धाक घातला, शास्त्रीबुवा मरणाच्या दारात आहेत असे सांगितले. तरी तो 'मीच' एवढेच म्हणत राहिला. घरात त्याच्याशिवाय फक्त सून होती; घरच्या बाईचे नाव चावडीच्या कागदावर जाऊ नये म्हणून हा सुळावरही जाईल, हे मला तेव्हा उमगले. मी दौत-लेखणी बरोबरच्या शिपायाच्या हातात देऊन त्याला बाहेर घालवले. म्हटले, काही लिहीत नाही, छर्रे किती होते तेवढे सांगा.

माजघराच्या दाराआडून सुनेचा आवाज आला. तिचा नवरा उत्तरेत छावणीवर होता आणि त्याचे चकमकीचे पिस्तूल ती उशाशी ठेवत असे.

"तीन होते," ती म्हणाली. "आपणच सांगून गेला होतात, विचारत बसू नका म्हणून. मी विचारलं नाही."

मी पळतच जर्राहाकडे गेलो. तिसरा छर्रा हाडाच्या कडेला सापडला. शास्त्रीबुवा वाचले, उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला.

घरफोडे पुढे सापडले. दोघे होते, आणि त्यांच्याजवळ साधा चाकूही नव्हता. घर राखायला हत्यार लागते, हे मी आजही मानतो. पण लोकांच्या घरात भीती मी भरून ठेवली होती, आणि भरलेली वस्तू कधीतरी उडतेच. ही माझी चूक कोणत्याही कागदावर नाही, म्हणून इथे लिहिली.

पुढच्या नवमीला शिलेदाराने स्वतः झेंडूची परडी भिंतीवरून शास्त्रीबुवांपुढे धरली. मी शेजारीच उभा होतो. पूजेची फुले डाव्या हाताने घ्यावी लागली, म्हणून शास्त्रीबुवांनी आम्हा दोघांची क्षमा मागितली.