बंद करायचे पैसे

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. कारण मी विहिरीत का उतरलो होतो, हे सांगताना मला अजूनही घाम फुटतो!

साल आणीबाणीचं. आमचं गाव देवळीच्या पलीकडे, नाल्याच्या काठी. चार एकर रान, विहिरीवर मोटार, उन्हाळी मिरची फुलावर आलेली. घरात बायको शांता आणि दोन लहान पोरी. त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक गड्याला एकच भीती होती, जीपची! जीप आली म्हणजे नसबंदीवाले आले. बसथांब्यावरून कोणाला तरी उचलून नेलं म्हणे. खरं-खोटं विचारत कोण बसतो? धुरळा दिसला की आम्ही गोठ्यात!

एका सकाळी मारोती कोतवाल सायकलवरून आला. खाली उतरलाही नाही. एक पाय टेकवून म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव यादीत आलं. आज सायेब येऊन राह्यले. बंद करा लागते म्हणे. पैसे भेटतेत."

"काय बंद करा लागते बे?"

"मले काय मालूम? सही करा, बंद करा, पैसे घ्या!" आणि गेला पायडल मारत.

आता तुम्हीच सांगा, त्या वर्षी याचा दुसरा काही अर्थ होता का?

 शांताला सांगितलं, तर ती म्हणते, "मंग पळा ना! उभे काऊन हा?"

पळालो. शेतात पोचतो तोच मागे जीपची घरघर. लपायला धड झाड नाही. समोर विहीर! मोटारीच्या पाइपाला धरून खाली उतरलो आणि पाण्यात बुडालेल्या दगडी पायरीवर उभा राहिलो. पायरीवर गुडघाभर पाणी, पुढे दोन पुरुष खोल. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं, मोटारच सुरू झाली!

जीप थांबली. माझ्याच विहिरीवर! काठावरून एक चष्मेवाला चेहरा डोकावला.

"अहो, खाली कोण आहे?"

"कोणी नाई!" मी ओरडलो.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. भाषा पुण्याकडची. "पावसापर्यंतच बंद ठेवायचं आहे. पाऊस पडला की पुन्हा सुरू."

पुन्हा सुरू? विज्ञान इतकं पुढे गेलं? मी पाण्यात उभ्याउभ्याच हात जोडले.

"सायेब, मले लहान लहान दोन पोरी हायेत जी..."

"अहो, त्यांच्यासाठीच तर! तुम्ही असंच चालू ठेवलंत तर त्यांना काय उरेल? बाकीच्यांनी सह्या केल्यात. डोमाजींनी तर सगळ्यात आधी."

डोमाजी! सत्तरी ओलांडलेला माणूस, बायको जाऊन बारा वर्षं झालेली!

"त्याहिचं काऊन बंद करता जी?"

"म्हणजे काय? गावात सगळ्यात जोरात त्यांचंच चालतं. दिवसरात्र!"

 तेवढ्यात साहेबांनी पिशवीतून एक लांब फीत काढली. टोकाला लोखंडी वजन. ती सरसर माझ्या डोक्याकडे यायला लागली. बाप रे! इथेच करणार? विहिरीतच? जीव वाचवायला जे सुचलं ते ओरडलो, "सायेब, माझं सगळं आटलं हाये! दोन वर्षं झाले, काई दम नाई राह्यला! कायले पैसे वाया घालवता?"

फीत थांबली. साहेबांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. गुडघाभर पाणी!

"अरेरे! मग बंद करायला उरलं काय? पण फार प्रामाणिक आहात हो. लोक कोरड्या विहिरीचेही पैसे मागतात." मग मागे वळून कोणाला तरी म्हणाले, "लिहा. विहीर निकामी. भरपाई नाही. मालकाने स्वतः सांगितलं."

विहीर?

जीप गेली. साहेबांबरोबर आलेला मारोती तेवढा मागे राहिला. त्याने मला हात देऊन वर ओढलं आणि सगळा उलगडा केला. गावची पिण्याची विहीर आटत चालली होती. म्हणून नाल्याकाठच्या मोटारी पावसापर्यंत बंद ठेवायच्या आणि पिकाच्या नुकसानीचे पैसे घ्यायचे, अशी योजना.

"हे सकाळी काऊन नाई सांगितलं?"

"सकाळी मलेच कोठी मालूम होतं!"

घरी शांता म्हणाली, "मंग जा ना सायबाकडे. सांगा, पाणी हाये म्हणून."

"आन् आटलं काऊन म्हटलं, असं पुसलं तर?"

 शांता तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती पोरी रडायला लागेपर्यंत.

बरं, पैसे नाहीत तर निदान मिरचीला पाणी तरी द्यावं? दुसऱ्या दिवशी मोटारीच्या बटनावर बोट ठेवलं. आजूबाजूला सगळं चिडीचूप, सगळ्यांच्या मोटारी बंद. कागदावर निकामी झालेल्या विहिरीतून धो धो पाणी पडताना कोणी पाहिलं तर? सरकारशी खोटं बोललो म्हणून पुन्हा जीप! बोट आपोआप मागे आलं.

मिरची डोळ्यांदेखत वाळली. गावची विहीर मात्र पावसापर्यंत टिकली. पाणी वाचवायचे सगळ्यांनी पैसे घेतले, डोमाजींनी सगळ्यात जास्त. सरकारला एक पैचाही खर्च न पडलेला शेतकरी सगळ्या यादीत एकच निघाला, आणि तेही त्याने विहिरीत उभं राहून, हात जोडून मागून घेतलं होतं!