पंख्याचे चार कपॅसिटर

आयटीआयमध्ये मला वीजकाम शिकवणाऱ्या सरांना निवृत्तीनंतर फुप्फुसाचा आजार जडला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी घरी सोडलं ते ऑक्सिजनचं मशीन लावूनच. केजमध्ये माझं विजेच्या पंप-मोटारींच्या दुरुस्तीचं दुकान आहे. एका दुपारी सरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. "मशीन नुसतं घुं घुं करतंय, हवा येईना. ये बरं लगेच."

मी पोचले तेव्हा सरांची नळी छोट्या सिलिंडरला जोडली होती. तो जेमतेम तासभर पुरणार होता. दुसरा आणायला गेलेला त्यांचा पुतण्या मांजरसुंब्याला वाहनांच्या रांगेत अडकला होता.

मशीन उघडलं. कॉम्प्रेसरची मोटार फिरती ठेवणारा कपॅसिटर फुगला होता. हात घालणार तेवढ्यात सर कसंबसं म्हणाले, "आधी रिकामा कर." बल्ब टेकवून मी त्यात साठलेली वीज उतरवली. मग वरची अक्षरं वाचली: दहा मायक्रोफॅरड, चारशे चाळीस व्होल्ट.

बाजारातल्या दुकानात दहाचा नव्हता. दुकानदारानं एक काळा, गोल डबा पुढं केला. "हा न्या ताई, पंपाचा हाय. लई दमदार."

तो होता मोटार सुरू करण्याचा कपॅसिटर. पहिला जोर देऊन दोन-तीन सेकंदांत बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. सतत चालू ठेवला की तापून फुटतो. हे मला पाठ होतं, तरीही क्षणभर मी तो हातात धरला. मशीन सुरू व्हायला हवं होतं, कसंही. मग तो खाली ठेवला आणि छताच्या पंख्याचे चार घेतले. ते कायम वीज सोसतात.

परत आले तर सिलिंडर संपत आला होता, सरांचे ओठ निळे पडले होते. तरी ते म्हणाले, "वाच."

"अडीच मायक्रोफॅरड, चारशे चाळीस व्होल्ट. चार आणलेत, सर."

"जोडणार कसे?"

"समांतर. बेरीज दहा होते."

"आन् व्होल्ट?"

"तेवढेच राहतात."

काकूंना राहवलं नाही. "अवो, तिची परीक्षा कावून घेता? जीव चाललाय तुमचा!"

"तिची न्हाई," सर थांबत थांबत म्हणाले, "माझी घेतोय. शुद्धीत हाय का बघतोय."

मी तारा जोडल्या. सोल्डरिंगचा एक टाका दोनदा करावा लागला. टेप गुंडाळली, बटण दाबलं. मशीन घुमलं, मग नेहमीचा सुस्कारा आला. काकूंनी नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली. सरांच्या ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला. ते झोपी गेले.

तीन दिवसांनी बीडहून दहाचा कपॅसिटर आला, तो मी बसवला. त्यानंतर सर दोन महिने होते.

ते गेले त्या सकाळी काकूंनी मला बोलावलं. घर माणसांनी भरलं होतं आणि कोपऱ्यात मशीन अजून चालूच होतं. "तू बंद कर," त्या म्हणाल्या. "मला व्हईना."

मी खाली बसले आणि ते बंद केलं.