मिठाची जागा

वणवा यायच्या आधी पाखरं येतात. डोंगरावरनं एकदम थवेच्या थवे खाली, आणि ओरडत नाहीत, गुमान येतात. मग सशासारखी बारकी जनावरं. धूर त्यांच्या मागनं. हे मला सासरी आल्यावर कळलं. माझं माहेर उत्रोलीचं, भातातलं. तिथं पाणी भरपूर, विस्तवाचं भ्या चुलीपुरतं.

सासर मात्र वेल्ह्याकडच्या डोंगरात. भोरला तेव्हा संस्थान होतं, पण आमच्या वस्तीवर राज्य गवताचं. घरं गवतानं शाकारलेली, गोठे गवताचे, पोटाची सोय म्हणजे गुरं, आणि गुरांची सोय पुन्हा गवतच. वस्तीत बोलणं चालायचं ते माझ्या चुलत सासऱ्यांचं. त्यांना सगळे कारभारी म्हणत, मी मामंजी म्हणायची. आणि घरात चालायचं आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं. कड्यावरनं पडून त्यांचे पाय गेलेले. दारात बसून त्या सगळी वस्ती हाकायच्या.

मी आले त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीवर वणवा आला. कुणीतरी नवं गवत जोमानं यावं म्हणून डोंगर पेटवलेला, वारं फिरलं. आता आमच्याकडची रीत अशी, की काहीही भ्या वाटलं की आधी गुरं गोठ्यात घालायची आणि दाराला बांबूची ताटी लावायची. पिढ्यान्‌पिढ्या भ्या एकच, वाघाचं. वाघ आला, घाला गोठ्यात. त्या लोकांनी वणव्यालाही तेच केलं. गवताच्या गोठ्यात गुरं कोंडली, वरनं ताटी ओढली. दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो. जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही. एक म्हातारीही घरातच राहिली होती. गुरांच्या धांदलीत तिची आठवण कुणाला झाली नाही.

परत येताना कारभारी म्हणाले, "नशिबात हुतं त्यांच्या."

मी घरी आले आणि दारात बसलेल्या आत्याबाईंकडं बघितलं. नशीब म्हणे. ताटी काय नशिबानं लावली होती?

आमच्या उत्रोलीला भाताची रोपं टाकायच्या आधी राब भाजतात. खाचरात पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळायचं, आणि त्या राखेत बी टाकायचं. सासरीही वस्तीच्या खालच्या अंगाला थोडी खाचरं होती, गुरांनी चरून स्वच्छ केलेली. मी म्हटलं, राब शिमगा झाल्याबरोबर भाजू, आणि मोठा भाजू. जळलेली जागा दुसऱ्यांदा जळत नाही. वणवा आला की माणसं, गुरं, सगळी त्या काळ्या जागेवर.

कारभारी हसले. "गुरांना काय दवंडी पिटणार? उत्रोलीकरीण बोलावतीया, राबावर या म्हनून?"

"मिठानं बोलवायची," मी म्हटलं.

आमच्याकडं गुरांना मीठ चाटायला द्यायचे ते गोठ्याच्या तोंडाशी. 'ये ये हाऽ' अशी आरोळी ठोकली की असतील तिथनं गुरं धावत यायची. ती मिठाची जागाच मला हलवायची होती.

"राबावर गुरं घालायची?" कारभारी आता हसत नव्हते. "राख तुडवतील. रोपं कुठं टाकायची मग?"

"रोपं माझ्या म्हायेरनं आणता येतील. गुरं कुठनं आणणार, मामंजी?"

"लई तोंड झालंय तुझं."

तेवढ्यात दारातनं आत्याबाई म्हणाल्या, "मिठाचं मडकं माझ्याजवळ हाय. मी देईन त्या जाग्यावर मीठ. तुमी रागवा."

असं ते सुरू झालं. रोज उन्हं कलली की मी आणि जाऊबाई एका घोंगड्याची झोळी करायचो, वाशाला बांधायचो, तीत आत्याबाईंना बसवून खांद्यावरनं राबावर न्यायचो. मडकं त्यांच्या मांडीत. त्या आरोळी ठोकायच्या, गुरं यायची. पहिले काही दिवस निम्मी गोठ्यापाशीच घुटमळली. मग शिकली. जनावर शिकतं हो, त्याला मान जायचं भ्या नसतं.

पण झोळी बघून वस्ती बिथरली. जित्या माणसाला असं वाशाला बांधून खांद्यावर घेतात का? कारभारी तणतणत आले. "वहिनी, हा अपशकुन हाय."

"मेल्यावर तुमी उचलणारच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तवा मला काय कळणार? आता कसं, वारं लागतंय, डोंगर दिसतोय." मग आमच्याकडं वळून, "हळू गं भवान्यांनो, म्हातारी हाय, लाकडाची मोळी न्हाई."

तिसऱ्या का चौथ्या उन्हाळ्यात वणवा आलाच. आमची पुरुषमाणसं मार्गासनीला लग्नाला गेलेली. कारभारी गुडघ्यामुळं मागं राहिले होते. टळटळीत दुपार, गुरं घरांमागच्या झाडांखाली रवंथ करत बसलेली. आधी पाखरं आली. मी जाऊबाईंना म्हटलं, "घोंगडं घ्या." त्या आत पळाल्या.

तोवर कारभाऱ्यांनी काठी उचलली होती, आणि गुरं उठवून गोठ्याकडं हाकत होते. त्यांचा दोष नाही, हात आपोआप तिकडंच वळले. मी धावत जाऊन ताटी आडवी ओढली आणि तिला पाठ लावून उभी राहिले.

"सर बाजूला."

"न्हाई सरत."

"पोरी, मी गुरांत जल्मलोय. तू मला शिकवणार?"

"आज शिका. उद्या पायजे तर मला म्हायेरी हाकला."

डोंगराच्या कडेनं तो दिसायला लागला होता. दुपारच्या उन्हात ज्वाळा नीट दिसत नाहीत, नुसतं गवत काळं होत सरकत येतं. कारभाऱ्यांनी काठी उगारली. मी डोळे मिटले नाहीत. त्यांच्या मागं, आमच्या दारात, जाऊबाई वाशाचं एक टोक धरून उभ्या होत्या, आणि दुसरं टोक जमिनीवर. ते टोक माझं.

मी म्हटलं, "मी हितनं हलले तर गुरं आत जातील. मी हलत न्हाई. तुमची वहिनी तिथं बसलीया. वाशाचं टोक रिकामं हाय."

त्यांनी वळून बघितलं. काठी टाकली आणि लंगडत गेले. त्या गुडघ्यानं त्यांनी वासा खांद्यावर घेतला. झोळी हिंदकळत खाली निघाली, आणि आतनं आत्याबाईंचा आवाज, "दमानं भावजी, मडकं फुटंल."

मग राबावरनं आरोळी आली. ये ये हाऽ. गोठ्यापुढं बावरून उभी राहिलेली गुरं एकदम फिरली आणि उधळत खाली गेली. मी त्यांच्या धुरळ्यातनं मागं पळाले. बाकीच्या बायका पोरं घेऊन आधीच निघाल्या होत्या.

काळ्या जागेत उभं राहून आम्ही आमची घरं जळताना बघितली. गोठा सगळ्यांत जोरात पेटला. कारभारी त्याच्याकडं बघत राहिले. गुरं त्यांचे हात चाटत होती, मिठासाठी.

त्या साली रोपं विरळ आली. कारभारी ते पुढं मला दरवर्षी ऐकवायचे, आणि दरवर्षी शिमगा झाला की राब भाजायला सगळ्यांच्या आधी यायचे. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका झोळी बघायला आल्या, तोंडाला पदर लावून हसल्या, आणि गाठ कशी मारायची ते विचारून गेल्या.

पुढं आत्याबाई गेल्या. आपल्या अंथरुणात, आपल्या वेळेला. तिरडी उचलायची वेळ झाली तशी मी आणि जाऊबाई पुढं झालो. पाव्हण्यांतला एकजण म्हणाला, बायका खांदा देत नसतात.

मी म्हटलं, "जित्तेपणी दिला तो चालला का?"

कारभारी पुढच्या खांद्याला होते. ते थोडे सरकले आणि त्यांनी जागा केली.