स्टिकला लागलेली हळद

लग्न झालं तेव्हा मी, बायको आणि आई-बाबा असे चौघं मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या वन-रूम-किचनमध्ये राहत होतो. मुंबईतली भाड्याची खोली सोडून स्वतःचं घर झालं याचा सगळ्यांना अभिमान होता, फक्त त्या घरात नवराबायकोला भांडायलासुद्धा कोपरा नव्हता. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं बिल्डिंगखालच्या पूल पार्लरमध्ये तासभर जायचो. तिथे एसी होता आणि ओळखीचं कोणी नव्हतं. घरात आईसमोर मला ‘अहो’ म्हणणारी बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ‘अरे’वर यायची. आठवडाभर साठवलेलं सगळं त्या एका तासात बोलून घ्यायची.

मी खेळायचो मात्र भयंकर. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा स्टिक हातात धरली आणि त्याच दिवशी मला हरवलं. कॉलेजची पोरं मला हरवून वर ‘अंकल, अच्छा खेला’ म्हणायची, तेव्हा मी तिशीचासुद्धा नव्हतो. एवढ्या हुशार माणसाच्या हरण्यामागे काहीतरी कारण असणारच. मी ते शोधून काढलं. पार्लरच्या स्टिका चिकट होत्या.

त्यात थोडं तथ्यही होतं. स्टिकचा पुढचा निमुळता भाग, म्हणजे शाफ्ट, डाव्या हाताच्या बोटांतून सुळकन सरकायला हवा. पार्लरमधले शाफ्ट गावभरच्या घामाने आणि खडूच्या निळ्या भुकटीने माखलेले, त्यात आमच्याकडची खाडीची दमट हवा. ‘‘नाचता येईना, अंगण वाकडं,’’ बाबा म्हणाले. बाबांना यातलं काय कळतंय, असं म्हणून मी पार्लरच्या मालकाकडून एक जुनी स्टिक विकत घेतली.

‘‘पहले पेपर मारो,’’ मालकाने समजावलं. ‘‘फिर गीला कपडा फेरो, लकडी का रेशा खडा होगा. सूखने दो, फिर बारीक पेपर. एकदम मक्खन हो जाए, तब सील करो. बाद में वॅक्स.’’

सील करायचं म्हणजे लाखेच्या पॉलिशचा पातळ हात देऊन लाकडाची छिद्रं बुजवायची, मग घाम आणि मळ आत शिरत नाही. काम सरळ होतं. पण सरळ काम सरळपणे करील तर तो मी कसला! पहिला शनिवार पॉलिश पेपर घासण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी ओला कपडा जास्तच ओला झाला आणि लाकूड दाढी वाढल्यासारखं खरखरीत झालं. तिसऱ्या शनिवारी मी घाईने सील केलं, ते ओघळलं, आणि चौथ्या शनिवारी तेच सील खरवडत बसलो. नोकरीमुळे मला वेळ मिळायचा तो शनिवारीच. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून, नाकाला रुमाल बांधून मी बसायचो. बायको दारात येऊन विचारायची, ‘‘अहो, आज तरी जायचं का खाली?’’

‘‘एकदा हे होऊ दे, मग बघ,’’ मी म्हणायचो.

पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. कामात व्यत्यय येत नाही म्हणून मला बरं वाटलं.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. आदल्या संध्याकाळी शाफ्ट असा तयार झाला होता की गालावरून फिरवावासा वाटावा. मी फिरवलाही. सकाळी फक्त सील करायचं बाकी होतं. आंघोळ करून बाहेर आलो तर पाटावर पूजा मांडलेली. बाबांचा स्कूटरचा पाना, आईची विळी, बायकोची कात्री, आणि त्यांच्या शेजारी, झेंडूचं फूल वाहिलेला माझा शाफ्ट. उघड्या, कोरड्या लाकडावर आईने भरपूर हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर फुलपात्राने पाणी शिंपडलं होतं.

मी ओरडलोच. ‘‘आई, हे काय केलंस! डाग आत उतरला!’’

‘‘ज्याचं त्याचं हत्यार पूजतात आज,’’ आई म्हणाली. ‘‘आणि हात लावू नकोस. पूजेतलं हत्यार आज वापरायचं नसतं. उद्या उचल.’’

दिवसभर मी तोंड पाडून त्या पिवळ्या-लाल डागाकडे बघत बसलो. संध्याकाळी बायको म्हणाली, ‘‘अहो, खाली जाऊन येऊ या का?’’ दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून निघालो.

सगळा मीरा रोड गरब्याला लोटला होता, पार्लरमध्ये आम्ही दोघंच. चिकट स्टिकने मी रीतसर हरलो आणि आईच्या नावाने कुरकुर सुरू केली. एवढी मेहनत, ऐन वेळी पाणी फिरवलं.

‘‘आईंनी नाही, मी ठेवला पाटावर,’’ बायको म्हणाली. ‘‘हळदीने डाग पडेल हे नव्हतं माहीत, त्याचं वाईट वाटतंय. पण पूजेत ठेवलं की त्या दिवशी तुला हात लावता येणार नाही, एवढं माहीत होतं.’’

तिने विचारणं कधी सोडलं ते आठवू लागलो आणि आठवेना, याची फार लाज वाटली. जिच्यासमोर हरू नये म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता, तिला नवऱ्याबरोबर तासभर मिळावा म्हणून खंडेनवमीची वाट बघावी लागली होती.

दसऱ्याला मी शाफ्ट उचलला. ‘‘दो बार पेपर मारो, दाग निकल जाएगा,’’ मालकाने सांगितलं. मी पेपर मारला नाही. डागावरूनच सील केलं, वॅक्स लावून कातड्याच्या तुकड्याने गरम होईस्तोवर घासलं. एकदम मक्खन झालं, डाग तर आधीपेक्षा जास्त चमकू लागला.

शनिवारी ती स्टिक घेऊन खाली गेलो. ती बोटांतून अशी सरकत होती की हरायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागला.

‘‘आता कशाचा दोष?’’ बायकोने विचारलं.

‘‘कशाचाच नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मला खेळता येत नाही.’’

‘‘ते पहिल्याच दिवशी कळलं होतं रे,’’ ती पुढच्या गेमसाठी बॉल मांडत म्हणाली. ‘‘मी कुठे खेळायला येत होते?’’