कळसच्या माळावर अर्धी राहिलेली ओवी

फाल्गुनातल्या एका सकाळी पूजा आटोपून मी वही घेऊन बसलो, दौत उघडली, टाक बुडवला आणि एक अक्षरही न लिहिता उठलो. असे सलग चौथ्या दिवशी झाले होते.

वही पुण्याच्या एका प्राध्यापकांसाठी होती. धनगरांच्या ओव्या, त्यांची बोली आणि त्यांचा देवधर्म यांवर ते विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत आहेत. मी सांगवीचा, मराठी सहा इयत्ता शिकलेला, कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची करणारा माणूस. अक्षर बरे आणि बोली कानातली, म्हणून हे काम माझ्याकडे आले. कार्तिकात इंदापूर तालुक्यातल्या कळसला जाऊन, ओव्या गाणाऱ्या धनगर धुळाआबांपुढे पानसुपारी ठेवून मी त्यांची ओवी उतरवून घेतली होती, पण अर्धीच. लासुर्ण्याची शेवटची मोटार चुकेल म्हणून "पुरे आबा, बाकीची पुढच्या खेपेला," असे म्हणत मी मध्येच उठलो होतो. आता स्वच्छ नक्कल करताना त्याच ओळीशी हात थांबे. ओवीतला देव नदीकाठी आलेला, पलीकडून भक्त हाका मारतोय आणि पुढे कोरे पान. त्यात प्राध्यापकांचे पत्र आले: चैत्रात प्रबंध द्यायचा आहे, ओवी पुरी करून लवकर पाठवा.

मी बायकोला म्हटले, "भाकरी बांध. कळसला जातो."

"आन् वांग्याचा तोडा?"

"तू बघ."

"व्हय, देव तुमाला आन् वांगी मला," ती म्हणाली. पण भाकरी बांधली, वर ठेचाही दिला.

सांगवीहून बारामतीपर्यंत शेजाऱ्याच्या गाडीत मिरचीच्या पोत्यांवर बसून गेलो. लांबून येणाऱ्या वाचकांनी दौंडाहून छोट्या आगगाडीने बारामती गाठावी, हे सोयीचे. तिथून पुढे इंदापूरच्या रस्त्याला मोटारी आहेत, पण भरल्याशिवाय सुटत नाहीत. कधी निघणार असे विचारले तर ड्रायव्हर घड्याळ पाहत नाही, माणसे मोजतो. तोवर जवळच्या हॉटेलात भजी आणि चहा मिळतो. भजी गरम होती. मला मात्र गोड लागली नाहीत. मी तीनदा उठून मोटारीपाशी जाऊन आलो.

शेवटी निघालो. शेजारी मांडीवर गुळाची ढेप घेऊन एक पागोटेवाला बसला होता.

"कुठं निघालात, तात्या?"

"कळसला. ओवी ऐकायला."

"मोटारीचं भाडं भरून?" त्याने मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. "आमची म्हातारी रोज सकाळी फुकाट ऐकवती. तुमच्या दारात आणून सोडू का?"

मोटार हसली, मीही हसलो.

लासुर्ण्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. गुऱ्हाळांचा धूर, काकवीचा वास, आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या साखर कारखान्याची चिमणी. तिथे उतरून कळसपर्यंत तीन कोस पायी. कालवा मागे पडला की हिरवे संपते. मग कुसळे, दगड आणि एखादी बाभूळ. या वाटेला पाण्याचा तांब्या बरोबर घ्यावाच, आणि शक्यतो सकाळी निघावे. मी भर उन्हात निघालो. पाय भराभर पडत होते, तरी आपल्याला उशीर झाला आहे असेच वाटत होते. कशाला उशीर, ते कळत नव्हते.

धुळाआबांच्या दारात त्यांची बायको ठकूबाई लोकर पिंजत होती. मला पाहून तिने हात थांबवला.

"आलं का लिवणारं! चार म्हैने झालं, म्हातारा गप हाय. मला बरंच झालं म्हणा, घर थंड. पर बिरोबाची यात्रा आठ दिसांवर आली, आता काय करायचं?"

मला काही समजेना. आबा घोंगडीवर बसले होते. त्यांनी पाणी दिले, मी पिईपर्यंत थांबले आणि मग शांतपणे बोलले.

"तात्या, सुंबरान मांडलं, देवाला हाक घातली, की देव थानावरनं उठतो. ओवी पुरी झाली की माघारी जाऊन बसतो. तुमी अर्ध्यात उठलात. देव तवापास्नं हुबा हाय."

"मग तुम्ही एकट्यानेच पुरी का नाही केली?"

"पानसुपारी कुणी ठिवली व्हती? ज्यानं उठवायला लावला, त्याच्यासमूरच बसवायचा. आन् ही उतरल्याबिगर दुसरी मांडता येत न्हाय. यात्रंला तोंड उघडायचं कसं?"

मी मान खाली घातली. मी रोज पोथी वाचतो. अध्याय अर्धा सोडून मी कधी पाणी प्यायलाही उठलेलो नाही. आबांची ओवी मला नुसता मजकूर वाटली होती.

"आता बसतो, आबा. उठणार नाही," म्हणत मी वही काढली.

"ती ठिवा पिशवीत. मागल्या टायमाला झील धरायला भाऊ व्हता, त्यो मेंढरं घिऊन लांब गेलाय. ओळ म्या टाकली की माघारी कुणीतरी उचलाय पायजे. तुमी हात चालवणार, का तोंड?"

मी ठकूबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "माझा गळा? हायती ती कोकरं बी पळून जातील."

"मग झाल्यावर एकदा सावकाश सांगाल का? लिहून घेईन."

"एकदा बसला की यात्रंपातूर उठवायचा न्हाय. यात्रंला दुसरी ओवी, ही आता फुडल्या वरसाला."

प्राध्यापकांचे पत्र खिशात होते. दोन पेन्सिली टोक करून आणल्या होत्या. मी वही पिशवीत घातली.

बिरोबाच्या देवळापुढे, कलत्या उन्हात आम्ही दोघे बसलो. आबांनी कानाला हात लावला आणि नदीकाठची तीच ओळ टाकली. मी ती उचलली. आवाज घशातच राहिला.

"मोठ्यांदा! देव काय तुमच्या मांडीवर बसलाय?"

हळूहळू गळा मोकळा झाला. देव पाण्यात उतरला, पलीकडे गेला, भक्ताला भेटला. पुढचे सांगत नाही. कललेले ऊन गेले तेव्हा आबा थांबले. त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला, म्हणाले, "बसला," आणि ठकूबाईला म्हणाले, "भूक लागली."

त्या रात्री हुलग्याचे माडगे आणि भाकरी खाऊन मी तिथेच झोपलो. सकाळी आल्या वाटेने परतलो. वाटेत आबांच्या ओळी मनात चालू होत्या, आणि वहीही मनातून जात नव्हती.

घरी आल्यावर तीन दिवस पोथी वाचताना आवाज फुटला नाही, गळा बसला होता. तिसऱ्या दिवशी मी दौत उघडली. ओवी बरीचशी आठवत होती. दोन पाने झरझर लिहून झाली. वाचून पाहिली, गोड होती, पण ती माझ्या पोथीची भाषा होती. आबांनी असे एकही वाक्य उच्चारले नव्हते.

बायको म्हणाली, "कोण बघाय येतंय? द्या की धाडून."

खरेच, कुणीही आले नसते. मी लिहिलेलेच धनगरांची वाणी म्हणून छापले गेले असते, शिकणारे तेच शिकले असते. मी ती दोन पाने फाडून चुलीत घातली आणि प्राध्यापकांना लिहिले: "ओवी नदीकाठापर्यंत शब्दशः उतरवली आहे. पुढची पुरी ऐकली, परंतु झील धरली असल्यामुळे लिहिता आली नाही. आठवणीने भर घातलेली नाही. अर्धी ओवी प्रबंधाला चालत नसेल तर ती वगळावी."

बाजाराच्या दिवशी बारामतीला गेलो. आधी वांगी विकली, मग टपालकचेरीत जाऊन वही आणि पत्र एकत्र बांधून दिले. मास्तरांनी पुडके तोलले, शिक्का मारला आणि पुण्याच्या थैलीत टाकले.