लोखंडाची काच करणारे दाजी

अक्काचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. मशीनच्या आवाजात मला "दाजी गेलं" एवढंच ऐकू आलं, आणि मी विचारलं, "कुठं?" अक्का म्हणाली, "आधी ते मशीन बंद कर." मी बंद केलं. त्याला आता सहा आठवडे झाले, पण तो "कुठं" अजून मलाच ऐकू येतो.

धनपालदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी मॅट्रिकला गटांगळी खाऊन उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप टाकलेलं. पेठ वडगावला आमच्या घरी मुलगी बघायला आले, तेव्हा त्यांनी पोहे संपवले, खिशातून चुंबक काढलं आणि स्टीलच्या बशीला लावून बघितलं. ते चिकटलं. "भांडीवाल्यानं तुम्हाला हलका माल दिलाय," ते वडिलांना म्हणाले. वडिलांचा चेहरा पडला, पण आतून अक्काचं हसू ऐकू आलं, आणि लग्न तिथंच ठरलं.

वर्षभरानं ते एका चिठ्ठीवर चित्र काढून माझ्याकडं आले. तांब्याचं जाड चाक पाहिजे होतं, मिशी दिसेल इतकं गुळगुळीत आणि प्रचंड वेगानं फिरणारं. त्यावर वितळलेल्या धातूची धार सोडायची, ती डोळ्याचं पातं लवायच्या आत गार व्हायची आणि फीत होऊन बाहेर उडायची. असलं परदेशी यंत्र त्यांच्या विद्यापीठातल्या विभागाला परवडणारं नव्हतं. "पण गार करायची एवढी गडबड कशाला?" मी विचारलं. "अण्णू, लग्नात लोक पंगतीला रांगेनं बसतात ना? धातू सावकाश गार केला की त्याचे अणूही तसेच ओळीनं बसतात. आपण त्यांना बसायला वेळच द्यायचा नाही. जिथं असतील तिथं गोठले पाहिजेत. दिसायला धातू, आतून काच!" अशा काचेचं चुंबकत्व सहज पलटतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर कमी तापतो आणि वीज वाचते, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मला पंगतीतल्या उपाशी पाहुण्यांचीच काळजी लागली.

मग कितीतरी रविवार माझ्या वर्कशॉपमध्ये आम्ही नुसता भुगा पाडला. चाक थरथरायचं, धातूचे थेंब उडायचे, माझ्या एका विजारीला सात भोकं पडली. इकडं विभागप्रमुखांनी सांगून टाकलं की या सत्रात काही निघालं नाही तर हा खेळ बंद. दाजी जेवताना ताट गोल गोल फिरवत बसायला लागले. अक्का मला म्हणाली, "काय पण कर, पण ते चाक नीट फिरव. हे मला सुद्धा वळखंनात." मी आठवडाभर गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली आणि चाक पुन्हा घासलं, पुन्हा तोललं.

त्या रविवारी धार चाकावर पडली, सर्रकन आवाज झाला, आणि चकचकीत फीत दारातून थेट रस्त्यावर! बाहेरून म्हशी चालल्या होत्या. फीत पहिल्या म्हशीच्या शिंगांत गुंतली.

"ओ पावणं!" म्हशीचे मालक ओरडले. "म्हशीला झिरमिळ्या कशापायी लावतायसा?"

दाजी हात जोडत धावले. "मालक, जरा थांबवा तिला. मोजायचंय!"

"म्हशीला?"

"शिंगाला लागलंय ते!"

म्हैस मान हलवायची आणि आकडा चुकायचा. शेवटी टेपचं दुसरं टोक मालकांनीच धरलं. दाजी भर रस्त्यात हसत होते आणि डोळेही पुसत होते. मालकांनी मला बाजूला घेतलं. "ह्यास्नी डॉक्टरकडं दावलंय का न्हाय?"

"हेच डॉक्टर हायेत," मी म्हणालो.

संशोधनाचा लेख पाठवला तर तपासणाऱ्यांनी विचारलं, यंत्र कुठल्या कंपनीचं? दाजींनी खरं तेच कळवलं: पत्नीच्या भावानं बनवलेलं. लेख छापून आला. पुढं परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं त्यांना वर्षभरासाठी बोलावलं, तर हे सहा महिन्यांत परत. "बटण दाबलं की फीत येते रे तिथं," दाजी वैतागून म्हणाले. "शिव्या द्यायला कुणी नाही. काम कसं होणार?"

शेवटच्या आजारात त्यांना एमआरआयला नेलं. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, घाबरू नका." दाजी म्हणाले, "घाबरतोय कुठं? आयुष्यभर चुंबकात नमुने घातले, आज माझी पाळी." आणि आत जाता जाता तिला त्या चुंबकाची ताकद विचारत राहिले... त्यांचं माझ्यादेखतचं शेवटचं मोठं बोलणं तेच.

गेल्या रविवारी कसबा बावड्याला अक्काकडं गेलो होतो. ती दाजींच्या खोलीतलं टेबल पुसत होती. कोपऱ्यात एका बाटलीत दोऱ्याला फितीचा बोटभर तुकडा लोंबत होता. खाली दाजींच्या अक्षरात चिठ्ठी: 'हलवू नये. प्रयोग चालू आहे.' अक्काचं फडकं तिथवर आलं आणि बाटलीला वळसा घालून पुढं गेलं.

"कसला प्रयोग गं हा?"

"मला कुठं म्हाईत? सांगितलं न्हाई कधी."

"मग काढून ठेवू?"

अक्का थांबली. फडकं झटकून माझ्याकडं बघत म्हणाली, "चालू हाय म्हणून लिवलंय न्हवं? मग चालू दे की."