सुरमई खाणारा सरडा

शेजारचे चाचा जन्मभर बोटीवर होते. बोलण्याआधी ते घसा खाकरायचे. भाच्याने आखातातून आणून दिलेला काटेरी शेपटीचा सरडा निपचित पडला, तेव्हा ते मला सायबर कॅफेत घेऊन गेले.

"तू ग्रॅज्युएट ना? बघ, काय लिवलंय."

त्याला कडक ऊन आणि नुसता पाला लागतो, असं इंग्रजीत लिहिलं होतं. चाचा रोज सुरमईची तुकडी भरवत होते.

"पावण्याला पाला घालू?" ते पुटपुटले. "चुकलास तर मरेल हां."

दुसऱ्या दुपारी ते तापल्या कातळावर शेवग्याचा पाला घेऊन सरड्याजवळ बसले होते. त्याचं ऊन अडू नये म्हणून छत्री मिटलेली.

मी नीट वाचलं होतं ना? मी ते पान पुन्हा वाचायला कॅफेकडे धावलो. आमच्या घरात माझं इंग्रजी तपासणारं कोणीच नव्हतं.